दोन आजार, एकच शरीर

(मूल येथे भरलेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यात आपल्या फिरत्या दवाखान्याच्या डॉक्टर भगिनींनी केलेले भाषण. ज्यांना येता आले नाही त्या वाचकांसाठी येथे देत आहोत.)



यंदाच्या कामाचा अहवाल छापून तुमच्या हातात आला आहे. गावे किती झाली, रुग्ण किती तपासले, पैसा कुठे गेला, हे सगळे त्यात आहे. तो मी पुन्हा वाचून दाखवणार नाही. त्याऐवजी मागच्या मेळाव्यानंतर आपल्यातल्याच एका ज्येष्ठ बंधूंनी मला बाजूला घेऊन विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. ते म्हणाले, "डॉक्टरबाई, आम्ही एचआयव्हीच्या रुग्णांसाठी म्हणून दान दिले. हिशोबात मच्छरदाण्या दिसतात, जंताच्या गोळ्या दिसतात, चपला दिसतात. एचआयव्हीचा आणि चपलांचा काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे. दान देणाऱ्याला तो विचारायचा हक्क आहे. त्यांना मी तेव्हा दोन मिनिटांत उत्तर दिले, पण ते दोन मिनिटांचे उत्तर नाही. म्हणून आज पाळकसाहेबांकडून थोडा जास्त वेळ मागून घेतला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण डास आणि एचआयव्ही ही दोन नावे एकत्र उच्चारली की गैरसमज लगेच होतो. डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. डासाच्या पोटात तो विषाणू वाढत नाही, आणि डास चावताना आपली लाळ आत सोडतो, आधी प्यालेले दुसऱ्याचे रक्त सोडत नाही. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, प्रभुभोजनाला शेजारी उभे राहिल्यानेही तो होत नाही. मी सांगणार आहे ते वेगळेच आहे. ज्या माणसाला एचआयव्ही आधीच आहे, त्याला आपल्या या जंगलपट्टीत आणखी कोणकोणते आजार गाठतात आणि ते एकमेकांना कशी मदत करतात, ते.

रस्त्याने आलेला आजार, घरी बसलेला आजार

मूल हे वाटेवरचे गाव. चंद्रपूरहून निघालेला रस्ता मूल, सावली करत वैनगंगा ओलांडतो आणि गडचिरोलीला पोहोचतो. या रस्त्याने धान जाते, बांबू जातो आणि माणसे जातात. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी, आणि धान निघाले की मिरची तोडायला तेलंगणात. कोणी कोळसा खाणीच्या बाजूला कामाला जातो, कोणी ट्रकवर. माणूस महिनोन् महिने घराबाहेर राहतो. एचआयव्ही बहुतेक वेळा असा रस्त्याने आमच्याकडे येतो.

तो फार पसरला आहे असे मात्र समजू नका. देशाचा सरासरी आकडा हजार प्रौढांमागे सुमारे दोन असा आहे. म्हणजे एखाद्या मोठ्या गावात दोन-चार माणसे, आणि एखाद्या टोल्यावर एकच. हे 'एकच' लक्षात ठेवा. पुढे त्याचाच प्रश्न येणार आहे.

मलेरिया मात्र बाहेरून यावा लागत नाही. तो घरीच बसलेला आहे. महाराष्ट्रातल्या मलेरियाच्या रुग्णांचा मोठा भाग गडचिरोली जिल्ह्यात सापडतो. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या भागांतल्या लोकांना पावसाळा लागला की थंडी-ताप कधी येणार एवढेच बघायचे असते. त्यातही मेंदूवर जाणारा फाल्सिपेरम मलेरिया आपल्याकडे खूप. इकडे धानाच्या पट्ट्यात, गटारी आणि साचलेल्या घाण पाण्याच्या गावांत हत्तीरोग. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगाचे म्हणून नोंदले गेले आहेत. आणि अनवाणी पायांनी बांधीत उतरणाऱ्या, उघड्यावर शौचाला जाणाऱ्या माणसाच्या पोटात अंकुशकृमी.

मलेरियाचा जंतू, हत्तीरोगाची बारीक सुतासारखी कृमी आणि पोटातले जंत, या सगळ्यांना वैद्यकशास्त्रात परजीवी म्हणतात. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर जगणारा. रस्त्याने आलेला विषाणू आणि घरी बसलेला परजीवी एकाच माणसाच्या अंगात भेटले की काय होते, ते आता बघू.

शेताची जागल

तुमच्यापैकी बहुतेकांनी धानाची जागल केलेली आहे. रात्री मचाणावर राखणदार बसतो. रानडुक्कर आले की तो आधी ओरडतो, डबा वाजवतो. त्याचा आवाज ऐकून आजूबाजूच्या बांध्यांतले लोक काठ्या घेऊन धावतात. राखणदार एकटा डुकराशी लढत नाही. त्याचे काम सगळ्यांना उठवायचे.

आपल्या रक्तात अशा राखणदार पेशी आहेत. त्यांना सीडी-४ पेशी म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका बारीकशा थेंबात, एका घन मिलिमीटरमध्ये, त्या साधारण पाचशे ते दीड हजार असतात. एचआयव्ही नेमका यांनाच धरतो. त्यांच्यात शिरतो, आपली पिल्ले वाढवतो आणि त्यांना मारतो. संख्या दोनशेच्या खाली गेली की शेत उघडे पडते. मग क्षयरोग येतो, जुलाब लागतात, मेंदूला सूज येते. एचआयव्हीच्या रुग्णांचे सर्वांत जास्त बळी आजही क्षयरोग घेतो, हेही सांगून ठेवते. परजीवींबद्दल बोलताना ते विसरता कामा नये.

आता खुबी अशी आहे की झोपलेल्या राखणदाराच्या अंगात एचआयव्ही फारसा वाढत नाही. राखणदार जागा झाला, ओरडायला लागला, की त्याच्या अंगातली सगळी यंत्रणा जोरात चालू होते, आणि तीच यंत्रणा वापरून विषाणू आपली संख्या वाढवतो. मलेरियाचा ताप भरला की शरीरातले सगळे राखणदार एकदम उठतात. ते उठतात मलेरियाशी लढायला, आणि त्याच वेळी विषाणूच्या तावडीत सापडतात.

ही नुसती कल्पना नाही. आफ्रिकेतल्या मलावी देशात एचआयव्ही असलेल्या प्रौढांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. मलेरियाच्या आजारपणात त्यांच्या रक्तातल्या विषाणूंचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते. मलेरियावर उपचार केल्यावर काही आठवड्यांनी ते पुन्हा खाली आले. ज्याला एचआयव्हीची औषधे चालू नाहीत, त्याला पावसाळ्यात दोन-तीनदा मलेरिया झाला तर प्रत्येक वेळी त्याचा एचआयव्हीही उसळी मारतो.

उलट बाजूनेही तसेच. राखणदार कमी असले की मलेरिया जास्त वेळा होतो आणि जास्त जोराचा होतो. जंगलपट्टीतल्या मोठ्या माणसाला लहानपणापासून मलेरिया होऊन होऊन थोडी ताकद आलेली असते. ती ताकद एचआयव्ही काढून घेतो. गर्भवती बाईच्या बाबतीत तर दोन्ही मिळून आईचे रक्त कमी करतात आणि बाळ कमी वजनाचे जन्मते.

राखणदाराला गप्प करणारे जंत

कृमींची चाल वेगळी आहे. हत्तीरोगाची मोठी कृमी माणसाच्या रसवाहिन्यांत सहा ते आठ वर्षे जिवंत राहते. इतकी वर्षे दुसऱ्याच्या घरात राहायचे तर घरमालकाला उठू देऊन कसे चालेल? म्हणून ती राखणदाराची समजूत काढते. ती शरीराला असे संदेश देते की प्रतिकाराचा जोर मंद पडावा, चढाई करणाऱ्या पेशी मागे राहाव्यात आणि शांत करणाऱ्या पेशी वाढाव्यात. जंतांना सोयीची ही शांतता विषाणूंशी आणि क्षयरोगाशी लढायला मात्र गैरसोयीची असते. पण ही शांतता पुरती नसते. आत धुगधुगी चालूच राहते, आणि धुगधुगीत जागे राहिलेले राखणदार एचआयव्हीला आयते सापडतात.

टांझानियातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. एचआयव्ही नसलेल्या लोकांना काही वर्षे तपासत राहिले. ज्यांच्या अंगात हत्तीरोगाची कृमी होती त्यांना पुढे एचआयव्ही होण्याचे प्रमाण, कृमी नसलेल्यांच्या मानाने दुपटीहून जास्त आढळले. एकाच भागातला अभ्यास आहे, त्यावरून सगळ्या जगाचा नियम काढू नये. पण ती कृमी म्हणजे आपल्याकडे आढळते तीच कृमी. आपल्यासारख्या जिल्ह्यांनी ही गोष्ट ऐकून सोडून देण्यासारखी नाही.

पोटातल्या जंतांचे सांगते. शरीरातल्या राखणदार पेशींचा फार मोठा भाग रक्तात नसून आतड्याच्या भिंतीत असतो, आणि एचआयव्ही सुरुवातीलाच तिथे मोठा घाव घालतो. त्याच भिंतीला अंकुशकृमी चावून रक्त पीत असते. घाण पाण्यातून येणारे बारीक परजीवी तिथेच जुलाब लावतात. निरोगी माणसाचे असे जुलाब आठवड्यात थांबतात. राखणदार संपलेल्या माणसाचे महिनोन् महिने चालतात आणि त्याचा अक्षरशः सापळा होतो. यातल्या काहींवर साध्या औषधाने गुण येतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीवर मात्र खरा उपाय एकच, एचआयव्हीची औषधे घेऊन सीडी-४ वाढवणे.

आणि रक्त. अंकुशकृमी रक्त पिते, मलेरिया रक्तपेशी फोडतो. आपल्या भागात सिकलसेलही आहे. एचआयव्हीच्या जुन्या औषधांपैकी झिडोव्हुडिन हे औषधही काही जणांचे रक्त कमी करते. पिवळी पडलेली बाई दवाखान्यात येते तेव्हा 'रक्त कमी आहे' एवढे म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. रक्त कोणकोणत्या दारांनी गळते आहे ते एकेक करून बघावे लागते.

मग काय करायचे?

पहिले उत्तर अगदी सरळ आहे: एचआयव्हीची औषधे. त्यांना एआरटी म्हणतात. सरकार ती १ एप्रिल २००४ पासून फुकट देते. पूर्वी सीडी-४ ठरावीक आकड्याखाली गेल्यावरच औषध सुरू होई. २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही निघाला की लगेच सुरू करतात. रोज न चुकता औषध घेतले तर रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी होतो. असा माणूस शरीरसंबंधातून दुसऱ्याला एचआयव्ही देत नाही. तो शेती करतो, लेकरे शिकवतो, म्हातारा होतो.

एआरटीच्या जागी दुसरे काही चालत नाही. केनियात एचआयव्हीच्या रुग्णांना नुसती वरचेवर जंताची औषधे देऊन बघितली. त्याने एचआयव्हीची वाढ थांबली नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्पष्ट झाले. म्हणून मी कोणालाही असे सांगणार नाही की जंताची गोळी घ्या, एचआयव्ही आटोक्यात येईल. जंताची गोळी जंतासाठी आहे.

पण एआरटीला जोड दिली तर काय होते तेही ऐका. युगांडाच्या खेड्यांत एचआयव्ही असलेल्या लोकांच्या घरी जाऊन केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांना रोज कोट्रायमॉक्सॅझोल ही स्वस्तातली गोळी सुरू केल्यावर मलेरियाचे प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी झाले. त्यात एआरटी मिळाली तेव्हा आधीच्या मानाने ९२ टक्क्यांनी कमी. त्यात औषध लावलेली मच्छरदाणी मिळाली तेव्हा ९५ टक्क्यांनी. युगांडात आपल्यापेक्षा मलेरिया कितीतरी जास्त, तेव्हा आकडे जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत. दिशा मात्र तीच आहे. म्हणून हिशोबात मच्छरदाण्या आहेत. म्हणून चपला आहेत, पाणी उकळायची भांडी आहेत, जंताच्या गोळ्या आहेत.

लपवलेली पुडी

आता मी त्या 'एकच' माणसाकडे येते.

एका टोल्यावरची बाई. ओळख पटू नये म्हणून गाव, वय, जमात काहीच सांगत नाही. नवरा वारलेला. एआरटी चालू, आणि सीडी-४ कमी म्हणून कोट्रायमॉक्सॅझोलही चालू. दोन्ही गोळ्या ती धानाच्या कोठीत खाली दाबून ठेवायची. पावसाळ्यात ताप आला. आशाताई आल्या, बोट टोचून पट्टीवर रक्त तपासले, फाल्सिपेरम निघाला, आणि ठरल्याप्रमाणे तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. आशाताईंनी नियमाने विचारले, "दुसरी कोणती औषधं चालू आहेत का?" बाई म्हणाली, "नाही."

आपल्या भागात फाल्सिपेरमला देतात त्या औषधांत आर्टेसुनेटबरोबर सल्फाची एक गोळी असते. कोट्रायमॉक्सॅझोलमध्येही सल्फाच असते. दोन्हीचा मारा जंतूच्या एकाच कमजोर जागेवर होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे की जो रुग्ण रोज कोट्रायमॉक्सॅझोल घेतो त्याला मलेरियासाठी हे सल्फावाले मिश्रण देणे टाळावे, दुसरे द्यावे. दुष्परिणाम वाढू शकतात आणि गुण कमी येऊ शकतो. दुसरे मिश्रण मिळते. फक्त देणाऱ्याला कळले पाहिजे.

चौथ्या-पाचव्या दिवशी आमची गाडी त्या बाजूला गेली तेव्हा बाई अंगावर पुरळ घेऊन आली. ताप उतरलेला नव्हता. तोंड सुकलेले. मी एआरटीचा विषय काढला नाही. एवढेच म्हणाले, "ताई, घरात ज्या ज्या गोळ्या आहेत त्या सगळ्या घेऊन या. कोणाच्या आहेत, कशाच्या आहेत, मी विचारणार नाही." अर्ध्या तासाने ती पदराखाली पिशवी घेऊन आली. एका पुडीत आशाताईंनी दिलेली मलेरियाची रिकामी पट्टी, दुसरीत कोठीतल्या गोळ्या. दोन्ही टेबलावर ठेवल्या तेव्हा काय झाले ते समजले. तिच्या परवानगीने मी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोलले. सल्फा थांबवून औषध बदलले. बाई बरी झाली, रोवणीलाही गेली.

यात आशाताईंचा काही दोष नाही. त्यांनी विचारले होते. बाई खोटे बोलली असेही मी म्हणणार नाही. शेजारच्या गावात एका माणसाचा आजार बाहेर फुटल्यावर त्याच्या लेकराला विहिरीवर कसे वागवले ते तिने बघितले होते. ती आपल्या लेकरांसाठी गप्प बसली होती.

एका शरीरात दोन आजार असतात तेव्हा दोन्हीकडची औषधे एकाच टेबलावर यावी लागतात. आणि ती टेबलावर यायला भरवसा लागतो. तो भरवसा दवाखाना एकटा देऊ शकत नाही, तो गावाने आणि मंडळीने द्यायचा असतो.

कायदाही आता तिच्या बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्सबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. कोणाचा आजार त्याच्या संमतीशिवाय उघड करणे, त्यावरून नोकरी, शाळा, उपचार नाकारणे त्याने बंद केले आहे. पण विहिरीवरचे डोळे कायद्याने बंद होत नाहीत.

सगळ्या टोल्याला का?

त्या ज्येष्ठ बंधूंचा दुसराही एक प्रश्न होता. "मच्छरदाण्या द्यायच्या तर रुग्णाच्या घरी द्या. अख्ख्या टोल्याला कशाला?"

त्याची दोन कारणे आहेत. एक वैद्यकीय. टोल्यावरची सगळी माणसे औषध लावलेल्या मच्छरदाणीत झोपली तर डासांची संख्या आणि आयुष्य दोन्ही घटते, आणि ज्याच्याकडे राखणदार कमी आहेत त्याला शेजाऱ्यांचीही राखण मिळते. दुसरे कारण तुमच्या लक्षात आले असेलच. पन्नास घरांच्या टोल्यावर एकाच घरी मिशनची गाडी थांबली, एकाच घरी मच्छरदाणी, एकाच घरी धान्याची पिशवी, तर त्या घरावर आपण आपल्या हाताने खूण केली. पन्नास घरांना दिली तर कोणावरच खूण नाही. ती एक बाई मदत घेऊन सगळ्यांसारखीच राहते. यासाठी जास्तीचा पैसा लागतो, आणि माझ्या मते तो पैसा एचआयव्हीच्याच रुग्णावर खर्च झालेला आहे.

म्हणूनच आपल्या वार्तापत्रात या रुग्णांचे फोटो तुम्हाला दिसत नाहीत. दान देणाऱ्याला चेहरा बघावासा वाटतो, हे मी समजू शकते. पण इथे चेहरा न दाखवणे हाही सेवेचाच भाग आहे.

तुमच्याकडून काय हवे

माझे मागणे चार गोष्टींचे आहे.

पहिली. हत्तीरोगाच्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी घरी गोळ्या घेऊन येतात तेव्हा त्या त्यांच्यासमोर, जेवून घ्या. दोन वर्षांखालची मुले, गर्भवती स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे सोडून बाकी सगळ्यांसाठी त्या आहेत. एआरटी चालू असलेल्या आणि प्रकृती ठीक असलेल्या माणसानेही त्या घ्यायला हरकत नाही. शंका असेल तर एआरटी केंद्रात विचारावे. पाय सुजलेला दिसत नाही म्हणून गोळी टाळू नका. कृमी अंगात असूनही कित्येक वर्षे काहीच दिसत नाही.

दुसरी. औषध फुकट आहे, प्रवास फुकट नाही. आतल्या गावाहून एआरटी केंद्रापर्यंत जायला दिवसाची मजुरी बुडते आणि बसचे भाडे वेगळे. मिरचीच्या हंगामात तेलंगणात गेलेल्यांचे औषध तुटते. जाण्याआधी केंद्राला सांगितले तर तिकडे सोय होऊ शकते. ही माहिती आणि हे भाडे त्यांच्यापर्यंत पोहोचवायला तुमचे दान लागते. त्याचा फोटो निघत नाही, पण एका माणसाचे औषध चालू राहते.

तिसरी. तपासणी. क्षयरोग झालेला, वरचेवर मलेरिया होणारा, महिनाभर जुलाब चालू असलेला कोणी तुमच्या ओळखीत असेल तर त्याला सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशन व तपासणी केंद्रात जायला सांगा. सोबत जा. १०९७ हा सरकारचा फुकट फोन आहे. नाव न सांगताही तिथे विचारता येते.

चौथी गोष्ट पैशाची नाही. उपासनेनंतर अंगणात आपण उभे राहतो, तेव्हा कोणाच्या तरी घराविषयी बोलणे निघते. 'त्याला काय झालंय माहीत आहे का' असे वाक्य सुरू झाले की तिथेच थांबवा. तेवढ्याने पुढच्या पावसाळ्यात एखादी बाई आशाताईंना विचारल्यावर 'हो, आणखी गोळ्या चालू आहेत' असे म्हणेल.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, एवढे आपल्या लक्षात राहते. मला अलीकडे त्याचा शेवट जास्त आठवतो. तो उतारशाळेच्या मालकाला पैसे देतो आणि सांगतो की आणखी खर्च झाला तर परत येताना देईन. म्हणजे त्याने एका दिवसापुरती दया केली नाही, पुढच्या खर्चाची जबाबदारीही घेतली. आणि जखमी माणसाचे नाव त्याने शेवटपर्यंत विचारल्याचे कुठे लिहिलेले नाही. आमच्या रुग्णांचे औषध आयुष्यभराचे आहे, दर पावसाळ्यात डास येणार आहेत, दर रोवणीला पाय चिखलात जाणार आहेत. तुमच्याकडून आम्हाला असेच, नाव न विचारता, वर्षानुवर्षे चालणारे साहाय्य हवे आहे.